यादीतला दुसरा नंबर

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. दहावीच्या वर्गावर मराठीचा तास संपवून मी हजेरीपट आवरत होते, तेव्हा शेवटच्या बाकाखाली चार घड्या घातलेला वहीचा कागद दिसला. कॉपीची चिठ्ठी असेल म्हणून उघडला. आत यादी होती. वर्गातल्या अकरा मुलींची नावे, प्रत्येकीपुढे शंभरपैकी गुण आणि गुणांपुढे शेरा, अगदी आम्ही प्रगतिपुस्तकात मारतो तसा. 'डोळे चांगले.' 'हसते छान, पण जाडी.' 'काळी आहे, उंची बरी.' दुसऱ्या नंबरावर माझ्या मोठ्या लेकीचे नाव होते. गुण ८८. शेरा: 'बारीक आणि गोरी.'

खरे सांगते, आधी राग आला नाही. आधी बरे वाटले. शिक्षिका म्हणून नंतर चिडले, मुलांना उभे केले, मुख्याध्यापकांकडे नेण्याची धमकीही दिली. पण तो पहिला क्षण आईचा होता आणि त्या क्षणी मला बरे वाटले होते. त्याची लाज अजून गेलेली नाही.

मुलांपैकी एकजण मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मोबाइलवर आलं होतं. चेहऱ्याला मार्क देतात."

तो खोटे बोलत नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती बातमी सगळीकडे फिरत होती. लंडनमधले प्लास्टिक सर्जन ज्युलियन डी सिल्व्हा नट्यांच्या चेहऱ्याची मापे संगणकावर घेतात, ग्रीकांच्या 'सुवर्ण गुणोत्तरा'शी, म्हणजे १.६१८ या आकड्याशी ती जुळवतात आणि टक्के काढतात. त्या वर्षी जोडी कोमर या इंग्रज नटीला ९४.५२ टक्के मिळून पहिला नंबर आला. आपली दीपिका पदुकोण ९१.२२ टक्क्यांनी नववी. बातम्यांमध्ये हे असे सांगितले जात होते, जणू बोर्डाच्या गुणवत्ता यादीत तालुक्यातली मुलगी आली. वर्गातला तो पोरगा मला म्हणाला, "एक्क्याण्णव पडूनसुद्धा नववा नंबर, मॅडम!" त्याला स्वतःला गणितात पस्तीसच्या वर कधी मिळाले नव्हते, त्यामुळे त्याचे आश्चर्य अगदी मनापासूनचे होते.

कागद मी पर्समध्ये टाकला. फाडला नाही. घरी कोणाला दाखवलाही नाही.

आता थोडे घराचे सांगते, म्हणजे पुढचे कळेल. आम्ही कशेळ्याचे. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव, चारी बाजूंनी भातखाचरे, पलीकडे भीमाशंकरचे डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. हा मुलूख तांदळाचा. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले 'कर्जत-३'सारखे वाण आमच्या शेजाऱ्यांच्या खाचरांत आहेत आणि आमच्या कशेळ्यातच अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने जुने गावठी वाण जपून ठेवण्याचे काम केले. गहू इथे पिकत नाही. तो रेशनच्या पोत्यातून आला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मी म्हणतो, सांगतात की त्यांच्या लहानपणी चपाती फक्त ईदला किंवा पाहुणा आला तर. बाकी दिवस तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, सुकट, आणि पावसाळ्यात रानभाजी.

म्हणूनच असेल, आमच्याकडे धान्यांचीही एक यादी होती, न लिहिलेली. पहिला नंबर चपातीचा. शेवटचा नाचणीचा. मी लग्न होऊन आले तेव्हा नोकरीवाली सून म्हणून माझ्यासमोर चपाती यायची आणि अम्मी स्वतः भाकरी घ्यायच्या. मुले शाळेत जायला लागल्यावर मी ठरवून टाकले, डब्यात चपातीच जाणार. शिक्षिकेच्या मुलीने डब्यात भाकरी न्यायची? शिवाय तांदळाची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, हे कारण सांगायला बरे पडायचे. खरे कारण पहिलेच होते.

मोठीची तक्रार नववीपासून होती. पोट फुगते, जेवल्यावर दुखते, शाळेतून आली की दप्तर टाकून झोपते. केस गळत होते, पाळी दोन-दोन महिने लांबत होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.९. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तर ८.१. गोळ्या बदलल्या. शाळेत मुलांना आठवड्याला लोहाची निळी गोळी वाटतात, ती वाटणारी मीच, त्यामुळे ती गिळते की नाही ते मी डोळ्यांनी बघत होते. तरी आकडा हलेना. मी म्हणायचे, "भाजी खात नाहीस, रात्री मोबाइल बघत जागतेस, दुसरं काय होणार?"

आणि त्याच काळात नातेवाईक म्हणायचे, "किती नाजूक दिसते गो तुझी पोर! हिरोईनसारखी." एका लग्नात तर एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "रंग उजळायला काय लावतेस तिला?"

काही लावत नव्हते. तिच्या अंगात रक्त नव्हते.

जानेवारीत तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळले की दिवाळीच्या सुट्टीनंतर माझी लेक डब्यातली चपाती रोज मैत्रिणीला देते आणि तिच्या डब्यातला भात खाते. संध्याकाळी मी जाब विचारला. ती म्हणाली, "अम्मी, चपाती खाल्ली की दुखतं. नाही खाल्ली की कमी दुखतं. मी वाचलंय, त्यात ग्लुटेन असतं."

ग्लुटेन हा शब्द ऐकला आणि माझे डोके फिरले. कारण तो शब्द मला माहीत होता आणि कुठून आला हेही माहीत होते. २००८ साली 'टशन' आला आणि करीना कपूरच्या 'साईज झिरो'ने कॉलेजच्या मुलींना उपाशी ठेवले, तेव्हापासून मी हे बघत आले आहे. (गंमत म्हणजे करीनाच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर आपल्या मुंबईच्याच, आणि त्या भात खा, तूप खा, आजीच्या स्वयंपाकघरातले खा असेच सांगत आल्या आहेत. पण मुलींनी त्यांचे तेवढे ऐकलेच नाही.) ग्लुटेनची साथ त्यानंतरची. २०१३ साली अमेरिकेच्या 'पीपल' साप्ताहिकाने ग्विनेथ पॅल्ट्रो या नटीला जगातली सर्वांत सुंदर स्त्री ठरवले. त्याच महिन्यात तिचे 'इट्स ऑल गुड' हे पाककृतींचे पुस्तक आले, त्यात गहू जवळजवळ वर्ज्य. चेहरा आणि ताट एकदमच बाजारात आले म्हणायचे. वाचणाऱ्या बाईने दोन्ही जोडले तर तिची काय चूक? त्याच एप्रिलमध्ये 'स्टार' नावाच्या दुसऱ्या साप्ताहिकाने तिलाच सर्वांत नावडती नटी ठरवले होते. म्हणजे एकाच महिन्यात एकच बाई एका यादीत सर्वांत सुंदर आणि दुसऱ्या यादीत सर्वांत नकोशी. ही दुसरी यादी मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही.

हे सगळे मला माहीत होते, म्हणून मी शहाणी होते. पर्समधला कागदही आठवला. मनात हिशेब जुळला: दुसरा नंबर आहे, पहिला हवा आहे, म्हणून पोरगी उपाशी राहते. मी म्हटले, "नट्यांचे चोचले या घरात चालणार नाहीत. माझ्यासमोर बस आणि ही चपाती संपव." ती बसली. तुकडा तुकडा करून संपवली. रात्री दोन वाजता मोरीत ओकारीचा आवाज आला. अम्मी उठल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मी दाराशी उभी होते आणि तरीही माझ्या मनात हेच, की मुद्दाम घशात बोटे घातली असतील.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये झाली. रमजान परीक्षेतच सुरू झाला. अम्मी सहरीला भाकरी थापायच्या, तोवर ठीक. इफ्तारला समोसे, नान, रात्री हलीम आले की पोट दुखायचे. निम्मे रोजे तिला सोडावे लागले, त्याबद्दलही ती माझे बोलणे ऐकून राहिली. ईद झाली आणि एके दिवशी ती बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. तेव्हा आम्ही तिला पनवेलला पोटाच्या डॉक्टरांकडे नेले.

त्यांनी सगळे कागद बघितले आणि तिलाच विचारले, "गहू खातेस?"

"फार नाही. दिवाळीपासून कमी केलाय."

"कोणी सांगितलं?"

ती माझ्याकडे बघून गप्प राहिली.

डॉक्टर म्हणाले की ही शंका बरोबर असू शकते. पण गहू बंद केलेल्या माणसाचे रक्त तपासले तर निकाल खोटा येऊ शकतो. रोग शरीरात असूनही कागदावर 'नाही' येते. म्हणून आधी तपासणी आणि मग पथ्य, उलटे नाही. तिने उलटे केले होते. आता उपाय एकच: रोज दोन चपात्या, सहा आठवडे, मग तपासणी.

ते सहा आठवडे मी विसरणार नाही. जी चपाती मी दटावून खायला लावली होती तीच आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज माझ्या हाताने करायची होती. मे महिन्याची सुट्टी होती, सबंध दिवस आम्ही घरात समोरासमोर. ती काही बोलायची नाही. चपातीची घडी करून, पाण्याच्या घोटाबरोबर, औषध घ्यावे तशी घ्यायची आणि मग गुडघे पोटाशी घेऊन पडायची. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटले, "राहू दे, नको करूया." ती म्हणाली, "नाही अम्मी. आता पुरावाच येऊ दे." त्या 'पुरावा' शब्दात माझ्यासाठी काय होते, ते मला कळले.

जूनअखेर रक्त दिले. 'टीटीजी' नावाची तपासणी असते, तिचा आकडा मर्यादेच्या दहापटीहून जास्त आला. पुढे मुंबईत दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून बघितला. सिलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ज्यांना हा आजार आहे त्यांच्या शरीराची संरक्षक यंत्रणा त्या प्रथिनामुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत अन्न शोषून घेणारे मखमलीसारखे उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. लोह शोषले जाते ते त्याच भागात. म्हणून गोळ्यांनी आकडा हलत नव्हता. ती प्रामाणिकपणे गिळत होती आणि शरीर घेऊच शकत नव्हते. याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. आयुष्यभर ते धान्य बंद, एवढाच इलाज. सख्ख्या नातेवाइकांनाही तपासायला सांगतात. आम्हा सगळ्यांचे रक्त दिले, बाकी कोणाला निघाले नाही.

भारतात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेत जास्त, शंभरात एकाच्या आसपास. दक्षिणेत हजारात एखादा. भात खाणाऱ्यांत तो दबून राहतो. मला राहून राहून वाटते की अम्मींच्या लहानपणीच्या ताटावर माझी लेक वाढली असती तर कदाचित हे वर आलेच नसते. डब्यातल्या इभ्रतीने ते वर आणले.

हा आजार गव्हाचा आहे हे जगाला कळले त्याची हकीकत मी नंतर वाचली. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. सगळे देश उपाशी आणि वॉर्डातली ही आजारी मुले मात्र सुधारू लागली! पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी त्यावर प्रबंध लिहिला. नट्यांच्या पुस्तकाच्या साठ वर्षे आधी, उपासमारीत सापडलेली ही गोष्ट.

मी ग्लुटेन घरी बघायलाही शिकले. कणकेचा गोळा नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहायचे. पांढरे पाणी वाहून जाते, शेवटी हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच. त्याच्यामुळे चपाती लाटता येते, फुगते, दुपारपर्यंत मऊ राहते. अम्मींना दाखवले तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर तांदळाला आधण लागतं. त्याला बिचाऱ्याला धरून ठेवणारं काही नाही." चाळीस वर्षे भाकऱ्या थापलेल्या बाईला हे शिकवायला मी कोण?

तर आमच्या घरात आता भाकरी पहिल्या नंबरावर आहे. पण ते वाटते तेवढे सोपे नव्हते. गिरणीत गव्हाचे दळण झाले की त्याच दगडांतून तांदूळ जातो, आणि तेवढे पीठसुद्धा हिला पुरते. गिरणीवाल्या भाऊंना समजावले. त्यांना वाटले ॲलर्जी आहे, पण त्यांनी मनावर घेतले. सकाळी गिरणी झाडून पहिले दळण आमचे, आणि त्यातलेही वरचे शेरभर पीठ कोंबड्यांना. वर्षभर असे केले, मग हप्त्यावर घरघंटी घेतली. तवा वेगळा. बाजारचा बांधानी हिंग बंद, कारण त्यात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. हे मला कोणी सांगितले नसते तर जन्मात सुचले नसते. ईदचा शीरखुर्मा तांदळाच्या शेवयांचा. पहिल्या वर्षी त्याचा लगदा झाला, दुसऱ्या वर्षी जमला. सांदणे, घावणे तर आपल्याकडे होतीच.

अवघड गेले ते नात्यातले. तिच्या अशक्तपणाचे ऐकून एक खाला मोठ्या प्रेमाने जवाचा तलबीना करून घेऊन आल्या. आजाऱ्याला द्यायची बरकतीची चीज, आणि मी ती परत करत होते. जवातही तेच ग्लुटेन आहे हे सांगताना माझ्या तोंडाला कोरड पडली. खाला रुसून गेल्या. पुढे यांनी फोनवर अर्धा तास समजावले. पुढच्या वेळी त्या खजूर घेऊन आल्या.

नवी मुंबईतल्या एका मोठ्या दुकानात आम्हाला तांदळाच्या पिठाची पुडी दिसली. वर सोनेरी अक्षरांत 'ग्लुटेन फ्री', शेजारी एका सडपातळ बाईचा फोटो. लेकीने किंमत वाचली आणि तिथेच हसत सुटली. "दादीला सांग, तिला मॉडेल करतील." तसे बघितले तर त्या अक्षरांना अर्थ आहे. आपल्या सरकारी अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असेल तरच तसे लिहिता येते, आणि हिच्यासारखीला बिस्किटाच्या पुड्यावर ती ओळ शोधावीच लागते. त्या बाईच्या फोटोला मात्र काही अर्थ नाही. ज्यांना हा आजार नाही त्यांचा रंग गहू सोडल्याने उजळत नाही. पुड्यातल्या महागड्या बिस्किटांत साखर आणि तूप गव्हाच्या बिस्किटांइतकेच असते.

आणि तरीही मी त्या नट्यांना पूर्वीसारखी नावे ठेवत नाही. लेकीला तो शब्द त्यांच्याच कुठल्यातरी व्हिडिओत सापडला होता. माझ्याकडून तो तिला मिळाला नसता. तिने फक्त आईला सांगून तपासून घ्यायला हवे होते, आणि सांगितले तेव्हा आईने ऐकायला हवे होते.

तो कागद मी शेवटी तिला दाखवला, निदान झाल्यावर वर्षभराने. तिने यादी वरून खालपर्यंत वाचली. 'हसते छान, पण जाडी' ही तिची जिवलग मैत्रीण. तीच, जी रोज हिची चपाती घेऊन आपला भात हिला द्यायची. ती म्हणाली, "हिला एकाहत्तरच?" आणि कागद चुलीत घातला.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला गेलो होतो. दस्तरखानावर नान आले, बिर्याणी आली. हिने आपल्या पिशवीतून भाकरीचा डबा काढला. यजमानबाईंना आधी फोन करून विचारून ठेवले होते, मटणात पीठ घातलेले नव्हते. समोर त्याच बाई बसल्या होत्या, ज्यांनी मला रंगाचे विचारले होते. त्यांनी हिला न्याहाळले आणि हळहळत म्हणाल्या, "आधी किती नाजूक होतीस गो! आता अंगाने भरलीस. रंगही उतरला."

"हो खाला," लेक म्हणाली, "हिमोग्लोबिन बारा आहे. जरा रस्सा वाढता का?"